नांदेडचा खाडा

सृष्टीला भागीदार नको होता. हे तिनं आईला सांगून झालं होतं, बापाला सांगून झालं होतं, आणि आरशासमोर केस विंचरताना स्वतःला तर रोजच सांगून होत होतं. आता ज्या गोष्टीची खात्री असते ती माणूस रोज कशाला घोकेल? पण ते तिला कोण विचारणार. लातूरच्या ट्यूशन एरियात एका मेडिकल दुकानाच्या वरच्या खोलीत ती एकटीच बसायची. टेबल, दोन स्क्रीन, खडखडणारा कूलर आणि दिवसभर बोंबलणारा फोन, एवढाच तिचा कारखाना.

त्या कारखान्यातून ‘ताट’ नावाचं सॉफ्टवेअर चालायचं. काम तसं साधं. डॉक्टर व्हायचं म्हणून लातुरात नि नांदेडात पोरापोरींची नुसती झुंबड असते. ती खोल्या करून राहतात आणि मेसमध्ये जेवतात. गावी जायचं असलं की मेसमध्ये खाडा टाकायचा, म्हणजे त्या दिवशी माझं जेवण धरू नका असं कळवायचं. पूर्वी पोरं जिन्यावरून ओरडून सांगायची, मेसवाली कामाच्या गडबडीत विसरायची, मग पोळ्या एकतर उरायच्या नाहीतर पुरायच्या नाहीत. आता पोरं मोबाईलवर खाडा टाकत आणि मेसवालीला सकाळीच आज किती ताटं ते दिसे. लातुरातल्या मेसवाल्या त्यापायी सृष्टीला लेकीसारखं जपायच्या, आणि काही अडलं की लेकीसारखंच झापायच्या.

भागीदार नको याला कारण होतं. पुण्यात असताना तिनं एका मैत्रिणीबरोबर असंच एक सॉफ्टवेअर केलं होतं. सगळं दोघींचं, पासवर्डसुद्धा दोघींना ठाऊक. एका सोमवारी सृष्टीचा पासवर्ड चालेना आणि मैत्रीण फोन उचलेना. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं दार बंद. ती लातूरला परत आली तेव्हा महिनाभर तिला जेवण गेलं नव्हतं. म्हणून ‘ताट’ची किल्ली तिनं कुणालाच दिली नाही. तापानं फणफणली तरी उशाशी लॅपटॉप घेऊन पडायची.

आणि आता मल्लेश मागं लागला होता. मल्लेश मूळचा देगलूरचा, किराणावाल्यांच्या घरातला, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि तोंडात साखर. नांदेडात मेसना तेल-डाळी पुरवायचा. ‘ताट’ नांदेडात नेलं ते त्यानंच. एकेका मेसवालीच्या ओट्यावर बसून, तिच्या जावयाची चौकशी करून, दोन कप चहा पिऊन. सृष्टी त्याला दर मेसमागं ठरलेलं काही देई आणि विषय संपला असं समजे. त्याच्यात खोट नव्हती असं नाही. जे सॉफ्टवेअरमध्ये नाही तेही तो बिनधास्त कबूल करून यायचा. “हे बी हुईल मावशी, ते बी हुईल, आपलं ताट कधी चुकत न्हाई.” मग ते करत बसायचं सृष्टीनं.

दिवाळीनंतर तो लातूरला आला आणि सरळच बोलला. “ताई, मला भागी करून घ्या. हैदराबादची एक कंपनी असलंच काहीतरी घेऊन नांदेडात उतरून राहिली. त्यांना माणूस पाहिजे. मला बोलावलंय. पण मला तुमच्यासंगं करायचंय. येळवस झाली की सांगा, मग मी मोकळा.”

सृष्टीनं “बघते” म्हटलं. मनात ‘नाही’च होतं. पण तो गेला तर नांदेड हातचं जाणार हेही तिला चांगलंच कळत होतं, म्हणून झोप उडाली होती. भागी केला तर ‘ताट’ जायची भीती, न केला तर अर्धं ‘ताट’ आजच गेलं. सांगा आता.

तिची आई तारामती म्हणाली, “न्हाईच म्हणायचं असंल तर रानात बोलाव येळवशीला. जेवू घाल अन् मग म्हण. उपाशी माणसाला न्हाई म्हणू नये.”

येळवस म्हणजे आमच्याकडं काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खं लातूर रानात असतं. दुकानं बंद, रस्ते ओस. हिरव्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी करायची, पूजा करायची, आणि मग सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातली ताकाची अंबील. ज्याला रान नाही त्याला दुसऱ्यानं बोलवायचं. त्या दिवशी लातुरात मेसमध्ये जेवायला कोण कशाला जाईल? दर येळवशीला लातूरच्या मेसवाल्या सृष्टीला फोन करकरून सांगायच्या, उद्या सगळ्यांचा खाडा टाक गं बाई. यंदा तिनं शहाणपणा केला. आदल्या दुपारीच एक बटण दाबून सगळ्या मेसचा खाडा टाकून दिला. लातूरच्या आणि नांदेडच्यासुद्धा. एक काम हातावेगळं झालं म्हणून खुशीत बॅग भरली आणि शिरूर अनंतपाळची गाडी धरली.

आता तुम्ही म्हणाल, नांदेडात सगळेच येळवस करत नाहीत हे तिच्या ध्यानात कसं आलं नाही? नाही आलं. लहानपणापासून जी गोष्ट सगळी दुनिया करते असं वाटतं, ती शेजारच्या जिल्ह्यात अर्ध्याच लोकांची असेल हे डोक्यात येतच नाही. विचारायला कुणी बाजूला बसलेलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं.

रानात रेंज नव्हती, आणि तिला ते बरंच वाटलं. सकाळी गावातून निघतानाच मल्लेशचा फोन येऊन गेला होता, “निघालो ताई, दुपारच्याला पोचतो.” पंगत बसली, पंगत उठली, मल्लेशचा पत्ता नाही. तिचे वडील, सटवाजी, त्याच्यासाठी ताट झाकून ठेवून वाटेकडं बघत राहिले. सृष्टी मात्र आतून सुटल्यासारखी झाली. दिलेली वेळ पाळत नाही, हा काय भागी होणार? तिनं नाही म्हणायचं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं. अंबिलीचा आणखी एक तांब्या घेतला आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

दिवस कलता कलता ते ट्रॅक्टरनं डांबरी रस्त्याला लागले आणि तिच्या पर्समधला फोन जो थरथरायला लागला तो थांबेचना. नांदेड, नांदेड, नांदेड. ‘ताट’मधल्या मदतीच्या नंबरावर मेसवाल्या, पोरं, कुणाकुणाचे आईबाप. मध्ये मध्ये मल्लेश. पहिला निरोप वाचला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तिनं ट्रॅक्टर थांबवायला लावला आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून मल्लेशला फोन लावला.

“नांदेडात काय झालं?”

“जेवण न्हाई झालं,” तो म्हणाला. आवाजात साखर नव्हती. “कंधार-लोह्याची पोरं गेली गावाकडं येळवशीला. किनवटची, हिमायतनगरची, उमरखेडची कुठं जातील? त्यांच्याकडं येळवस नसती, ताई. मेसवाल्यांनी सकाळी बघितलं, शून्य ताटं. काहींना खरं वाटलं न्हाई, त्यांनी चूल पेटवली. बाकीच्यांनी बायांना सुट्टी दिली. पार्वतीबाई तर कुलूप लावून अर्धापूरला सोयरिकीला गेली. दहा वाजताच पोरं जेवायला आली, दाराला कुलूप. वरून आज क्लासची टेस्ट.”

“मग?”

“मी लोह्याला पोचलो होतो. तिथंच फोन सुरू झाले. उतरलो, उलटी गाडी धरली. आल्या आल्या जेवढी सापडली तेवढी पोरं घेऊन गुरुद्वाराच्या लंगरला गेलो. जेवली. जी सापडली न्हाईत ती बिस्किटावर टेस्टला बसली. ठेवतो. अजून दोन मेसवाल्यांकडं जायचंय, शिव्या खायला.”

घरी पोचेपर्यंत सृष्टी एकेक निरोप वाचत राहिली. झाकून ठेवलेलं ताट सटवाजींनी गाईपुढं ठेवलं. आपण माणसाला वेळ पाळत नाही म्हणत होतो तेव्हा तो आपल्या चुकीमागं उन्हात धावत होता, हे आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती नांदेडला गेली. भाग्यनगरात पार्वतीबाईंची मेस होती. पत्र्याची शेड, लांब बाकडी, आणि फोडणीचा वास. दुपारची पोरं जेवत होती. कोपऱ्यातल्या बाकावर मल्लेश बसला होता. पार्वतीबाई पोळ्या लाटत होत्या.

“मी सृष्टी. ‘ताट’वाली.”

पार्वतीबाईंनी लाटणं थांबवलं आणि तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तू व्हय? मला वाटलं हे मल्लेशचंच हाय.” मग पुन्हा लाटायला लागल्या. “तुमच्या लातूरकडं आसंल येळवस. म्हणून आमच्या पोरांनी उपाशी ऱ्हायचं व्हय? ती बघ ती, निळ्या ओढणीची. किनवटची हाय. काल पेपरात चक्कर आली तिला. तिच्या आईनं फोन केला तर मी काय सांगू? माझ्या मेसमधून आजवर कुणी उपाशी गेलं न्हाई.”

सृष्टीला सबब सांगता आली नाही. “माझीच चूक झाली मावशी,” एवढंच ती म्हणाली, आणि निळ्या ओढणीच्या पोरीपाशी जाऊन तेच म्हणाली. पोरगी बुजली. “काही नाही दीदी, टेस्ट पुन्हा होईल,” म्हणाली. ते ऐकून तर सृष्टीला रडूच आलं.

मग ती मल्लेशसमोर बसली. बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरली होती.

“मल्लेशभाऊ, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? नांदेडात सगळ्यांकडं येळवस नसते म्हणून?”

“तुम्ही विचारलं कधी?” तो म्हणाला. “अन् सगळ्यांचा खाडा पडलाय हे मला दिसणार कुठून? माझ्याकडं काय हाय? तुमचा फोन नंबर. लोह्याच्या स्टँडवर उभा होतो, डझनभर बाया एकामागून एक विचारून राहिल्या, मल्लेश, आरे काय केलंस. अन् माझ्या हातात बटण न्हाई. तुमचा फोन लागंना.” त्यानं पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. “इथं तुम्हाला कोण वळखतं ताई? गेली ती माझी इज्जत. या बाया माझ्याकडून तेल घ्यायच्या, बाप होता तवापासून. आज एकीनं मला दारातूनच परत लावलं.”

आपलं काही जाऊ नये म्हणून सृष्टीनं इतकी वर्षं दाराला कडी घातली होती. बाहेर उभ्या असलेल्या माणसाचं काय जातंय हे बघायला ती कडी कधी काढलीच नव्हती. फायद्यात भागी करायचं की नाही यावर ती महिनाभर झुरली, आणि नुकसानीत तो कधीचाच भागी होता.

“भागी व्हा,” ती म्हणाली.

“आता न्हाई. कालच्या दयेपोटी बोलून राहिलात तुम्ही. चार दिवसांनी पुन्हा कडी लावाल. हैदराबादवाल्यांना मी उद्या भेटतो.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ती चार दिवसांनी काय करेल हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. म्हणून ते चार दिवस तिनं ठेवलेच नाहीत. बॅगेतून लॅपटॉप काढला, बाकावर ठेवला, पोरांच्या ताटांतून जागा करून. मल्लेशचा नंबर टाकला. त्याच्यापुढं ‘मालक’ असं निवडलं. तिच्या नावाखाली आजवर दुसरं नाव कधी नव्हतं. शेवटचं बटण दाबायला तिनं इतका वेळ लावला की पार्वतीबाई लाटणं थांबवून बघत राहिल्या.

मल्लेशचा मोबाईल वाजला. त्यानं उघडून बघितलं. याद्या वरखाली सरकवल्या.

“ताई, हे तर लातूरचं बी दिसून राहिलंय. सगळंच दिसतंय.”

“दिसू द्या.”

“यातून मी तुमचं नाव बी काढू शकतो.”

“हो.”

“अन् उद्या हैदराबादला जाऊन बसलो तर?”

पुण्याचा तो सोमवार सृष्टीच्या डोळ्यांपुढं उभा होता, आणि तो काही हलत नव्हता. “तर जाल. मला लई भीती वाटतेय मल्लेशभाऊ, खोटं कशाला सांगू. पण काल तुम्ही बटणावाचून उभे होता. ते परत नको.”

मल्लेशनं मोबाईल खिशात घातला नाही. पार्वतीबाईंनी दोन ताटं आणून आदळल्यासारखी ठेवली, वरणावर तुपाची धार सोडली आणि काही न बोलता पोळपाटाकडं गेल्या. दोघंही जेवायला लागले. जेवता जेवता तो डाव्या हाताच्या अंगठ्यानं नांदेडच्या मेस एकेक करून उघडून बघत होता. सृष्टीनं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होतीच.

“शिवरात्रीचं काय ठरवलंय?” त्यानं मान वर न करता विचारलं. “त्या दिशी खाडा टाकायचा का साबुदाणा धरायचा?”

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं, लातूरचं. ते तिनं घासाबरोबर गिळलं.

“तुम्ही सांगा,” ती म्हणाली.