हात मागे

बाईंच्या हाताला भारी उरक. मायदेशी साठ पोरांची बालवाडी त्यांनी एकहाती सांभाळली. घंटा व्हायच्या आत साठ जोड बूट पायांत आणि साठ दप्तरं पाठीवर! परदेशातल्या शाळेने त्यांना बोलावलं खरं, पण अट घातली: पाच दिवस काम बघू, मग ठरवू. ठरलं, तर आठ वर्षांचा लेक आणि त्याला सांभाळणाऱ्या सासूबाई दोघंही इकडे येणार. नाहीतर सामान उचला आणि या परत. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, घर बाईंच्याच जिवावर चाललेलं.

निघताना लेक गळ्यात पडून रडला. सासूबाई मात्र दारात हात मागे बांधून उभ्या. "जा, उशीर होईल," एवढंच. ना जवळ घेतलं, ना डोळ्याला पदर लावला. एरवी सुनेच्या डब्याचं झाकणसुद्धा स्वतः लावून देणाऱ्या ह्या सासूबाई! बाईंच्या मनाला ते लागून राहिलं.

पहिला दिवस. वर्गात अठराच पोरं. बाई मनात म्हणाल्या, हा तर हातचा मळ! अंगणात खेळायला जायची वेळ झाली, बाहेर मरणाची थंडी, आणि बाई सुटल्या. कोट चढव, चेन लाव, बूट घाल, टोपी ओढ. दहा मिनिटांत सगळे तयार. शाबासकीच्या आशेने मागे वळून बघतात, तर वर्गातल्या मदतनीस मावशी कपाळाला हात लावून उभ्या. तेवढ्यात चार वर्षांच्या एका ठेंगण्या, ठसकेबाज पोरीने भोकाड पसरलं. बाईंनी लावलेली चेन तिने खसकन खाली ओढली, कोट भिरकावला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बाईंनी मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं ठमाकाकू.

"अहो बाई, काय केलंत हे!" मावशी म्हणाल्या. "तीन आठवडे झगडतेय ती त्या चेनशी. आज-उद्या लागणारच होती. इथे आम्ही हात मागे बांधून उभे राहतो. पोराने मागितल्याशिवाय मदत करायची नाही."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. पाचातला एक दिवस तर गेलाच की!

पण मावशी मनात ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. बाईंची पातळ शाल बघून दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचा जुना जाड कोट घेऊन आल्या. बसथांब्यावर तिकिटाच्या यंत्रापुढे बाई गांगरल्या, तर मावशी शेजारी हात मागे बांधून उभ्या. "दाबा की, चावत नाही ते." तिकीट बाहेर आलं तेव्हा बाईंना वर्गात पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. परक्या मुलखात असं माणूस भेटायला नशीब लागतं, असं त्या रोज मनात म्हणायच्या.

हात मागे ठेवणं मात्र महाकर्मकठीण. उलटा बूट दिसला की बोटं शिवशिवायची. शेवटी बाई एका हाताने दुसरा घट्ट पकडून ठेवायला लागल्या.

पाचव्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, वही घेऊन कोपऱ्यात येऊन बसल्या. खेळायला जायची वेळ झाली, पोरांनी कोट चढवले. ठमाकाकूची चेन अडकली. सुटली, पुन्हा अडकली. बारा मिनिटं झाली, बाकीची पोरं कोटात घामाघूम. एक झटका दिला की काम फत्ते! त्या वहीत काय लिहिलं जातंय कोण जाणे. बाईंना लेकाचा चेहरा दिसायला लागला. तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

आणि चेन सर्रकन गळ्यापर्यंत गेली. ठमाकाकू अशी काही ताठली की विचारू नका.

"चला आता," म्हणत बाईंनी मावशींचा कोट चढवला, आणि त्याचीच चेन लागेना! एकदा केलं, दोनदा केलं. पोरं रांगेत ताटकळलेली. मावशी पुढे सरसावल्या, तशी ठमाकाकू आडवी आली. बाईंसमोर उभं राहून तिने आपले इवलेसे हात मागे बांधले.

"सावकाश," ती म्हणाली. "आधी खालचं टोक नीट बसव. आम्ही थांबतो."

अठराही जण थांबले. कोणी हसलं नाही. बाईंच्या डोळ्यांत असं पाणी आलं की टोकच दिसेना. तिसऱ्या खेपेला चेन लागली आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

मोठ्या बाईंनी वही मिटली. "मुलाला इकडे आणाल तेव्हा कोट दोन मापं मोठा घ्या," त्या म्हणाल्या. "या वयात पोरं भराभर वाढतात."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मावशींना मिठीच मारली.

मधल्या सुट्टीत त्यांनी घरी फोन लावला. "आई, काम पक्कं झालं! तुम्ही दोघं इकडे या." मग चेनची सगळी हकिकत सांगून त्या म्हणाल्या, "आणि आजपासून त्याच्या शर्टाची बटणं त्याची त्याला लावू द्या. तुम्ही नुसत्या हात मागे बांधून उभ्या राहा. फार अवघड असतं हो ते."

पलीकडून सासूबाई फणकारल्या, "मला शिकवतेस होय गं? तू निघालीस त्या दिवशी दारात दुसरं काय करत होते मी? हात मोकळे असते, तर सोडलं असतं का तुला?"

फोन कानाशी धरून बाई नुसत्या "आई, आई" करत राहिल्या.