कार्माइनसाठी मिसा

चौसष्ट सालच्या त्या वसंतात आमचं गाणं रेडिओवर सगळ्या अमेरिकेत वाजत होतं, आणि त्यातला कार्माइन मोटारसायकलवरून पडून दिवसभर मरत होता. खरा कार्माइन बापाच्या बेकरीची गाडी चालवायचा, आणि तीही इतकी हळू, की पाव पोचेपर्यंत गार. मोटारसायकलला त्याने जन्मात हात लावला नव्हता.

नाव लोरेटाने दिलं. आमच्या 'सॅटिनेट्स'ची मुख्य गाणारी ती. मी आणि माझी बहीण टीना मागे 'ऊ ऊ' करायला. गीतकाराला मरणाऱ्या पोराचं नाव सुचेना, तर ही बया लाजत म्हणाली, "कार्माइन घाला ना." सप्टेंबरात लग्न होतं हो दोघांचं! आणि त्या येड्याला केवढा आनंद! स्वतःच्या मरणाचं गाणं शिट्टीवर वाजवत ब्रुकलिनभर फिरायचा.

मग गल्लीतल्या शाळकरी पोरींनी रडून रडून काय करावं? गाण्यातल्या कार्माइनच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये पैसे भरून मिसा, म्हणजे मेलेल्याच्या नावाची प्रार्थना, सांगितली. फादर नवे, रेडिओ न ऐकणारे. रविवारी भर चर्चमध्ये त्यांनी जाहीर केलं, "आजची मिसा लोरेटा फुस्कोच्या कार्माइनसाठी, जो अपघातात गेला."

पुढच्याच बाकावर त्याची आई, असुंतामावशी. तिने किंकाळी फोडली. कार्माइन शेजारी बसून जांभई देत होता. तो जिवंत असल्याची खात्री करायला तिने त्याच्या दोन थोबाडीत ठेवून दिल्या.

बाहेर पायऱ्यांवर तिने लोरेटाला गाठलं. "जित्या पोराची मिसा झाली, भवाने! दृष्ट लागली माझ्या लेकराला! नाव काढ त्या गाण्यातून, नाहीतर या घरची सून व्हायचं विसर."

"काढते, आई. शप्पथ काढते," लोरेटा रडत म्हणाली. मी तिथेच उभी होते.

आमचे मॅनेजर प्रेसमनसाहेब हसले. "रेकॉर्ड तर निघाली. स्टेजवर हवं तर टोनी म्हण. पण टोनीसाठी कोण रडतं, बघू."

शनिवारी दुपारचा खेळ होता. मायलेक चांगले कपडे घालून मधल्या रांगेत येऊन बसले. "टोनीच म्हणणार," लोरेटाने पडद्यामागे माझा हात दाबून सांगितलं.

गाण्यात एक जागा होती. वाद्यं थांबायची आणि तिने नुसती हाक मारायची. ती जागा आली. हजारभर पोरी रुमाल काढून तयार. लोरेटाने कार्माइनकडे पाहिलं, मग त्या पोरींकडे पाहिलं.

"कार्माइन!"

काय टाहो फोडला मेलीने! सगळा हॉल हमसून हमसून रडायला लागला.

कार्माइन उठला. आईचा हात धरून, बसलेल्यांच्या गुडघ्यांना अडखळत, रांगेतून बाहेर पडू लागला. मागची एक पोरगी डोळे पुसत त्याच्यावर खेकसली, "ए, खाली बस ना! इथे तो मरतोय आणि तुला घरी जायची पडलीये!"