थंड ठेवणं हे माझं काम

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. दागिन्यांची नव्हे, बर्फाची. अंग निळं, झाकण एके काळी पांढरं, आणि दोन भिंतींच्या मध्ये थर्माकोल. कारखान्यात माझ्यासारख्याच पेट्यांच्या ढिगात माझा जन्म झाला. तिथून मी वारणानगरजवळच्या एका दूध संस्थेत आले आणि गुंडू नावाच्या माणसाच्या मोटारसायकलवर जाऊन बसले.

गुंडूचं काम साधं होतं. गावोगावी जायचं, दुधाच्या नमुन्याच्या बाटल्या घ्यायच्या आणि तपासणीला पोचवायच्या. वाटेत नमुना तापला तर तो नासतो आणि बोल मात्र दूध घालणाऱ्याला लागतो. म्हणून गुंडू मला जिवापाड जपायचा. चहाला थांबला तरी आधी माझ्यासाठी सावली बघायचा. "गुंडूचा नमुना कधी नासत न्हाय," असं संस्थेतले साहेब चारचौघांत म्हणायचे. त्यातलं निम्मं कौतुक माझं आहे, असं मी धरून चालायचे. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्तच.

संध्याकाळी घरी आलं की त्याची लेक संयोगिता पळत यायची. दुसरीतली पोर, पण तोंडाने फटकळ. उरलेला बर्फ माझ्या पोटात तडकायचा, त्याचा बारीक आवाज यायचा. ती झाकणाला कान लावून बसायची. का कोण जाणे, नेहमी डावाच.

"पप्पा, बर्फ बोलतोय."

"काय म्हणतोय?"

"तुमास्नी न्हाय कळायचं."

गेल्या वर्षी गणपती विसर्जन झालं आणि तिला ताप भरला. उलट्या झाल्या, मान ताठली, हनुवटी छातीला टेकेना. तिची आई क्रांती तिला घेऊन शहरात, राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात गेली. गुंडू कामावरून थेट तिथे पोचला, तोही मला हातात घेऊन. भर रस्त्यात गाडीवर पेटी सोडून कोण जातंय? त्याने मला खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

वर्षाराणी मॅडम तिथल्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, "मेंदूच्या आवरणाला सूज आल्यासारखी वाटतेय. पाठीतलं पाणी काढून तपासायला पाहिजे."

गुंडूच्या तोंडचं पाणी पळालं. "न्हाय जमायचं. पाठीत सुई घातली की माणूस लुळा पडतोय म्हणत्यात."

मॅडमनी माझ्या अंगावरचं दूध संस्थेचं नाव वाचलं. "सुई कमरेत घालतो, पावणं. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. आणि पाणी काढायचं ते चमचाभर. तुम्ही दुधाच्या कॅनमधनं नमुना घेता, म्हणून कॅन रिकामा होतो व्हय? हे तर शरीर परत भरून काढतं."

कॅनची गोष्ट गुंडूला पटली. तो "करा" म्हणाला, पण बघायचा धीर त्याला झाला नाही. तो बाहेर जाऊन जिन्यावर बसला.

मित्रांनो, तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. पण आलीच तर ठाऊक असावं म्हणून सांगते. संयोगिताला कुशीवर निजवलं. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीकडे, असं तिला वाकवून नर्सने घट्ट धरलं. क्रांती तिच्या तोंडासमोर बसली. पाठ गार औषधाने पुसली तेव्हा पोरगी शहारली. मग बधिर करायची बारीक सुई टोचली, तेव्हा ती रडली. खरी सुई आत गेली तेव्हा तिला फक्त दाबल्यासारखं वाटलं, असं तिनेच नंतर सांगितलं. थेंब थेंब पाणी बाटल्यांत उतरलं. मग पाठीवर पट्टी लावून तिला आडवंच ठेवलं. "डोकं दुखलं तर सांग," मॅडम म्हणाल्या. एवढंच ते सगळं. भीतीच त्याहून कितीतरी मोठी होती.

एक बाटली तिथेच तपासायला ठेवली. दुसरी गुंडूच्या हातात आली. कोणता जंतू आहे ते उगवून बघायला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत ती पोचवायची होती. "लगेच न्या," एवढंच नर्स म्हणाली.

नमुना म्हटल्यावर गुंडूचे हात आपोआप चालले. त्याने माझं झाकण उघडलं, बर्फ बाजूला सारला आणि बाटली मधोमध खोचली. मी माझं काम केलं. वाटेत रहदारी तुंबली, ऊन तापलं, पण मी थंडी जराही सोडली नाही. इतकं मन लावून मी कधीच राबले नव्हते.

प्रयोगशाळेतल्या माणसाने बाटली हातात घेतली आणि कपाळाला हात लावला. "बर्फात? अहो, ह्यातले जंतू थंडीनं मरतात. मेलेले कसे उगवायचे?"

गुंडू माघारी आला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चूक माझीपण हाय. कॅनचं उदाहरण दिलं, पण हा नमुना थंड करायचा नाही हे सांगितलं नाही. इथल्या तपासणीत दोष दिसलाय, औषध सुरू केलंय. पण जंतू कळला तर नेमकं औषध देता येईल. पुन्हा पाणी काढूया."

"पुन्हा न्हाय," गुंडू म्हणाला. "माझ्या चुकीपायी तिला दुसऱ्यांदा टोचायची न्हाय."

मॅडमनी समजावलं, क्रांतीने हात जोडले, पण तो हटला नाही. दोन दिवस औषध चाललं आणि ताप हटेना. पोर हाक मारली तरी ओ देईना. तेव्हा क्रांती त्याला म्हणाली, "तुमी तिला सुईपासनं वाचवायला लागलाय का सवताला?"

गुंडू उठला. या वेळी जिन्यावर गेला नाही. त्याने स्वतः पोरीला पोटाशी वाकवून धरलं आणि सगळा वेळ तिच्या कानाशी पुटपुटत राहिला. बाटली मिळाल्यावर आधी विचारलं, "थंड का साधी?" मग ती मुठीत धरून रिक्षाने गेला. मला कोपऱ्यातच सोडून.

जंतू कळला, औषध बदललं, ताप उतरला. संयोगिता घरी आली. पण तिच्या डाव्या कानाने ऐकायचं सोडलं होतं. "या आजारात असं होतं," मॅडम म्हणाल्या. ते दोन दिवस वाया गेले नसते तर, असं गुंडूने विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, ते कुणालाच सांगता यायचं नाही.

गुंडूने नवी पेटी घेतली. मला गोठ्यात पोत्यांखाली टाकलं. महिने गेले, माझ्या झाकणावर पालीने अंडी घातली. मी रागावले नाही. थंड ठेवण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि कुठे थंड ठेवू नये हे पेटीला कोण सांगणार? तुम्हाला मात्र तोंड आहे, मित्रांनो. दवाखान्यात भीती वाटली तर विचारा. हातात काही दिलं तर ते कसं न्यायचं तेही विचारा. आपल्याला येतंय असं वाटलं तर दोनदा विचारा.

परवा नव्या पेटीचं झाकण तुटलं आणि गुंडूने मला धुऊन पुन्हा गाडीवर बांधलं. संध्याकाळी घरी आलो. संयोगिता आली, खाली बसली आणि सवयीने डावा कान झाकणाला लावला. बर्फ तडकत होता. ती बराच वेळ तशीच बसली. मग तिने डोकं उचललं, फिरवलं आणि उजवा कान लावला.

गाडी पुसणाऱ्या गुंडूने फडकं खाली ठेवलं.

"पप्पा," ती म्हणाली, "बोलतोय."

या वेळी काय म्हणतोय ते न विचारता तो तिच्या शेजारी बसला आणि त्यानेही झाकणाला कान लावला.