एकोणिसाव्या दिवसाची नोंद

मार्गशीर्षातली सकाळ. सुवर्णकोमल, धूसर, दवभारली सकाळ. भाताची कापणी उरकलेली, आणि रिकाम्या खाचरांवर ऊन उतरत होतं. हळू उतरत होतं, बांधाबांधावर थबकत उतरत होतं. त्या उन्हातून हेमलता डावरेबाई शाळेकडे चालल्या होत्या. वाट सत्तावीस वर्षांच्या ओळखीची. आज मात्र पावलं रेंगाळत होती.

कारण होतं नववी ब. दिवाळीची सुट्टी संपताच बाईंनी तिथं लेखनवर्ग सुरू केला होता. प्रत्येकानं रोज एक पान लिहायचं, चाळीस दिवस, खंड नाही. तेव्हा मधल्या बाकावरची रुक्साना मुलाणी उठली होती.

"बाई, आमी रोज लिवायचं. आन् तुमी?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, अशी गत झाली! आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शेरे मारणाऱ्या बाईंनी स्वतःची म्हणून एक ओळ लिहिली नव्हती. त्याच संध्याकाळी त्यांनी भाच्याकडून ब्लॉग उघडून घेतला आणि वर्गाशी करार केला. रोज पहिल्या तासाला बाईंची नोंद भिंतीवरच्या पडद्यावर दिसणार, एकानं ती मोठ्यानं वाचायची, शेरा वर्गानं द्यायचा. बाईंनी मागच्या बाकावर बसायचं आणि चकार शब्द काढायचा नाही.

अठरा दिवस बाईंनी लिहिलं. अरुणरंजित क्षितिज लिहिलं, मंदमंथर सरिता लिहिली, हरिततृणांचे गालिचे लिहिले. प्रत्येक वाक्य कडक इस्त्रीचं. अठराव्या दिवशी रुक्साना पडद्याकडे पाहत म्हणाली, "बाई, लई ग्वाड हाय. पन ह्यात तुमी कुटं दिसंना."

बाईंना ते झोंबलं, कारण ते खरं होतं.

बाई कुठं होत्या? घरच्या कपाटावरच्या एका चांदीच्या चषकात होत्या. नववीत असताना तालुक्याच्या निबंधस्पर्धेत त्यांचा पहिला नंबर आला होता, आणि गावानं पोरीला लेखिका म्हणून डोक्यावर घेतलं होतं. तो निबंध मावसबहिणीच्या वहीतून जसाच्या तसा उतरवलेला होता. हे आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून हात कागदाकडे जाई, चषक डोळ्यांपुढे येई, आणि हात मागे येई.

काल दिवेलागणीला त्यांनी ते लिहिलं. क्षितिजावाचून लिहिलं, सरितेवाचून लिहिलं. उद्या वर्गातला मान जाईल, परवा गावातला जाईल, हे कळत असताना लिहिलं आणि ब्लॉगवर टाकलं.

पहिला तास सुरू झाला. वाचायची पाळी रुक्सानाचीच होती.

"मी चोरी केली," तिनं वाचलं, आणि तिचा आवाज खाली आला. "त्या चोरीला शाबासकी मिळाली. मग मी जन्मभर भीत राहिले, आणि तुम्हाला मात्र लिहा, लिहा म्हणत राहिले."

मागच्या बाकावर बाई खाली मान घालून बसल्या होत्या. कुणी हसलं तरी चालेल, पण कुणीतरी बोला, असं त्यांना झालं. कराराप्रमाणे त्यांना स्वतः बोलता येत नव्हतं.

रुक्साना पडद्यापाशीच उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "मला न्हाई जमलं आसतं ह्ये."

मग ती जाग्यावर आली. आजचं तिचं पान वहीत तयार होतं, 'माझा आदर्श' नावाचं, सुवाच्य, निर्दोष. तिनं ते टर्रकन फाडलं. "हे माझं न्हवंच. हितंच दुसरं लिवते," म्हणाली आणि कोऱ्या पानावर वाकली. शेजारणीनं तिच्याकडे पाहिलं आणि आपलंही पान फाडलं. मग पुढचा बाक. मग त्याच्या पुढचा.

बाई उठल्या आणि बाकांमधून पुढे आल्या. कुणी वर पाहिलं नाही. आपल्या वर्गाचा एवढा अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता, आणि आपला स्वतःचा तर कधीच नाही.

बेचाळीस माना झुकल्या होत्या, कागदांवर, कोवळ्या उन्हात, कोवळ्या अक्षरांवर झुकल्या होत्या. त्या साऱ्या झुकलेल्या मानांमध्ये एकच मान ताठ होती. पेनं चालत होती. चालत होती. आणि मधोमध बाई उभ्या होत्या.