जमीन लागेवरी

फौजेत असताना लटारूभाऊ गेडाम विमानातून कितीतरी वेळा उडी मारून सुखरूप खाली आले होते. पण पोरगी वर आणि आपण खाली, हे त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं.

चंद्रपूरबाहेरच्या धावपट्टीवर त्या हिवाळ्यात पॅराशूट उडीचं शिबिर लागलं होतं. मोनाली, त्यांची एकुलती एक. तिच्या पंधरा-वीस उड्या त्यांच्या माघारी झाल्या होत्या आणि आज पुढच्या पट्ट्यांचा धडा होता. खांद्यापासून छत्रीकडे चार पट्टे जातात, दोन पुढे, दोन मागे. पुढचे दोन खाली ओढले की छत्री नाक खाली घालते आणि वाऱ्याला कापत पुढे सरकते. ओढायला फार जड. माणसाचं सगळं वजन त्या पट्ट्यांवरच तर टांगलेलं असतं.

म्हणून लटारूभाऊंनी भद्रावतीच्या घरामागच्या चिंचेवरून दोन जुने पट्टे टाकले होते आणि पलीकडच्या टोकाला विटांचं पोतं बांधलं होतं. मोनाली पट्टे छातीपर्यंत ओढून धरायची. तिचे दंड थरथरायला लागले की ते समोर दोन्ही मुठी वर करून उभे राहायचे. त्याचा अर्थ, धरून ठेव.

"बाबा, हात गेले माहे."

"जाऊ दे. जमीन पायाले लागेवरी सोडजो नको. माह्या पलटणीतल्या लच्छूनं सोडलं होतं. वाऱ्यानं त्याले काट्याकुट्यातून पोत्यासारखं ओढत नेलं."

"रोज तुमचा लच्छू! तो मेला का जिता हाय, थे तं सांगा एकदाचं."

"जिता हाय. मिशी गेली फक्त."

मग दोघंही हसायची आणि पोतं धपकन खाली यायचं.

आज विमान वर घिरट्या घालत होतं. ताबिश सर, शिबिराचे शिक्षक, दुर्बीण लावून उभे होते. नुसतं उभं राहवेना म्हणून लटारूभाऊंनी विचारलं, "सर, तुमच्यातबी तसंच ना? पुढचे पट्टे जमीन लागेवरी धराचे?"

"छे, काका!" ताबिश हसले. "ते तुमच्या गोल छत्रीचं. ही चौकोनी. हिचे पुढचे पट्टे धरून खाली आलं तर माणूस दगडासारखा आपटेल. ते वरच सोडायचे, मग ब्रेक ओढून हळू उतरायचं. सांगितलंय मी तिला."

"कितींदा सांगतलं?"

"म्हणजे?"

लटारूभाऊंनी वर विमानाकडे पाहिलं. चिंचेखाली त्यांनी रोज सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "तिच्यासंग बोलता येते का? वायरलेसवर?"

"तो नवख्यांना देतो आम्ही. ती आता नवखी राहिली नाही."

विमानातून एक ठिपका सुटला, आणि मग निळी-पांढरी छत्री उघडली. खाली वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आडवी ताठ झाली होती. वरतीही वारा चढला असावा. मोनालीचं तोंड धावपट्टीकडे होतं. पण ती मागं मागं जात होती, धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, आणि बांध्यांपलीकडच्या सागवनाकडे. मग छत्रीनं नाक खाली घातलं आणि ती जंगलापासून सुटून पुढे येऊ लागली. शिबिरातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा काका, काय हात आहेत पोरीचे!" ताबिश म्हणाले. "बस. आता सोड." छत्रीचं नाक खालीच राहिलं. "आता सोड ना, मोनाली."

ते स्वतःशीच बोलत होते. लटारूभाऊ तोवर धावत सुटले होते.

"सोड!" ते ओरडले. "मोना, सोड वं!" आवाज वाऱ्याबरोबर तिच्याकडेच जात होता, पण छत्रीची फडफड आणि हेल्मेटात भरलेला वारा यांच्यापुढे त्याचं काय चालणार? त्यांनी थांबून दोन्ही हात वर केले, सोड म्हणून बोटं फाकून दाखवली, पुन्हा दाखवली. मोनालीचं तोंड त्यांच्याकडे वळलं. तिनं त्यांना पाहिलं, याबद्दल त्यांना शंका राहिली नाही. आणि पाहून तिनं पट्टे आणखी खाली ओढले.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. इतक्या उंचीवरून बोटं दिसत नाहीत. दिसतो एक माणूस, हात वर करून उभा असलेला. चिंचेखाली रोज उभा राहायचा तसा.

त्यांनी हात झटकन खाली घेतले. मग त्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. छत्री बांध्यांवर आली होती.

कापणी झालेल्या बांधीत ती आपटली. आवाज मोठा नव्हता. धानाचं ओलं पोतं गाडीवरून पडावं तसा. छत्री तिच्यापुढं लवंडली, वारा प्यायली आणि बांधीच्या कडेच्या धुऱ्याला अडकून बसली.

ते पोचले तेव्हा मोनाली पाठीवर पडली होती. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. तिला तो अजून जाणवला नसावा. तोंडाला माती लागलेली, आणि त्या मातीतून ती हसत होती.

"बाबा, दिसले तुमी मले वरून. हात वर करून होते."

"हव."

"मी सोडणारच होती. सरनं सांगतलं होतं. मंग तुमी दिसले."

ते बांधीत गुडघ्यांवर बसले. तिचं डोकं हलू नये म्हणून एक हात मानेखाली घातला. धावपट्टीकडून पोरं स्ट्रेचर घेऊन पळत येत होती. ताबिश सगळ्यांच्या पुढं होते, लांबूनच ओरडत, "कुणी सांगितलं तुला धरून ठेवायला? कुणी?"

मोनालीनं बापाकडे पाहिलं. शाबासकी अजून मिळाली नव्हती.

"जमीन लागेवरी सोडले नाई, बाबा. बराबर केलं ना?"

हव म्हणावं तर ते खोटं, आणि नाई म्हणावं तर तिनं ज्याचं ऐकलं तोच खोटा. लटारूभाऊंनी तिच्या हाताकडे पाहिलं. पट्टा अजून मुठीत होता, बोटं पांढरीफटक पडलेली. त्यांनी मोकळ्या हातानं तिची करंगळी धरली आणि हळूच सरळ केली. मग तिच्या शेजारचं बोट. अंगठा काही केल्या सुटेना.