खिंडीच्या रस्त्याचा फाटका साक्षीदार

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

‘खिंडीचा रस्ता अस्तित्वात नाही.’ हे वाक्य तुमचं, खालची सही तुमची. रस्ता बघायला तुम्ही स्वतः गेला नाहीत, दुसऱ्या कुणाला पाठवलं नाहीत. टेबलावर नवा नकाशा पसरलात, त्यात रेघ दिसली नाही, झालं! रस्ता नाही, तर वाटेवरची सराई तरी कशाला हवी, म्हणून तिलाही टाळं ठोकायला निघालात. पण ती रेघ नकाशातून गाळली कुणी? तुमच्याच खात्याने ना?

मित्रांनो, मोठ्या माणसांशी असं बोलू नये हे मलाही कळतं. पण आधी माझी हकीकत ऐका आणि मग मला उद्धट म्हणायचं तर खुशाल म्हणा.

मी एक जुना नकाशा आहे. कागदाचा आणि कापडाचा. छापखान्यात माझ्यावरची शाई वाळली, तेव्हा बांधणीवाल्याने कात्री घेतली आणि माझे सरळ सोळा तुकडे केले. मला वाटलं, संपलं आपलं आयुष्य. पण त्या भल्या माणसाने ते तुकडे बोटाएवढी फट सोडून जाड सुती कापडावर खळीने डकवले. का, माहीत आहे? घडी घालताना कापड दुमडतं, कागद दुमडत नाही. त्यामुळे हजार वेळा उघडलं तरी मी फाटत नाही. माझ्या अंगाला घडीची सवय अशी जन्मापासूनच आहे.

माझी पहिली नोकरी टपालगाडीत. आमचा चालक पहाटे गाडी काढायचा आणि डोंगरातली तीन गावं करत तिसऱ्या दिवशी खिंडीत पोचायचा. प्रत्येक गावात एक सराई. सराई म्हणजे प्रवाशांनी मुक्काम करायचं जुनं घर. पहिली पुलाजवळची, तिच्या भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून आहेत. दुसरी लोकरीच्या बाजारातली, तिचा जिना इतक्या पावलांनी झिजलेला की पायऱ्यांना मधोमध खळगे पडलेत. आणि तिसरी अगदी वर, खिंडीत. तिच्या दगडी भिंती हातभर जाड, खिडक्या चिमुकल्या, चूल कायम पेटलेली.

चालक खरंच त्या वाटेने गेला की कुठे झाडाखाली झोपला, हे कळावं म्हणून एक पद्धत होती. मुक्काम झाला की सराईवाला माझ्या पाठीवर आपला शिक्का मारायचा आणि हाताने तारीख घालायचा. माझी पाठ शिक्क्यांनी भरून गेली होती. चालक चारचौघांत माझी घडी उलगडून सांगायचा, “माझ्यापेक्षा याला रस्ता जास्त कळतो.” पाऊस आला तर मला सदऱ्याच्या आत, पोटाशी धरायचा. मित्रांनो, तेव्हा मी थोडा चढून गेलो होतो, कबूल करतो.

मग डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला. टपाल बोगद्यातून जाऊ लागलं. खात्याने नवे गुळगुळीत नकाशे छापले आणि त्यातून खिंडीचा रस्ता काढून टाकला. गाड्या कमी झाल्या होत्या, रस्ता कुठे पळून गेला नव्हता. पण एक रेघ कमी काढायची म्हणजे तेवढंच काम हलकं!

चालक निवृत्त झाला. त्याने मला एका मुकादमाच्या हातात ठेवलं. खिंडीचा रस्ता ज्यांनी बांधला, त्या टोळीचा हा मुकादम. तरुणपणी चार वर्षं वर तंबूत राहून त्याने तिथला दगड न् दगड बसवला होता. चालक म्हणाला, “मी नुसती गाडी हाकली. रस्ता तुझा आहे, नकाशाही तूच ठेव.”

तुम्हाला वाटेल, आता माझी चैन झाली. छे! मुकादमाने मला कपाटात ठेवलं, आणि त्याची बायको पडली शिंपीण, वाया काही जाऊ न देणारी. तिने मला स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरलं, तेही पालथं. वर्षानुवर्षं माझ्या अंगावर बरण्या आणि डबे. एकदा तर मुकादमानेच चुलीवरचं भांडं उचलून तसंच माझ्यावर ठेवलं. मी आरपार जळालो. भोक पडलं ते नेमकं खिंडीच्या जागी. स्वतःचा रस्ता स्वतःच्या हाताने जाळला की हो पठ्ठ्याने! आणि त्याला पत्ता नाही.

मग एक दिवस पत्र आलं. वरच्या सराईच्या मालकिणीचं. तिला सगळे मावशी म्हणतात. मुकादमाच्या टोळीला तिनेच चार हिवाळे जेवू घातलं होतं. पत्रात तुमची नोटीस होती, साहेब. रस्ता अस्तित्वात नाही, सबब सराई बंद करण्यात येत आहे. हरकत असल्यास स्वतः त्या रस्त्याने वाहनातून प्रवास करून, त्याच्या पुराव्यासह महिनाअखेर कळवावे. खाली मावशीने एवढंच लिहिलं होतं, ‘माझ्याकडे वाहन नाही. सराई गेली तर मी कुठे जाऊ, ते नोटिशीत लिहिलेलं नाही.’

मुकादमाने पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला. “मी चार वर्षं काय हवेत दगड बसवत होतो काय?”

शिंपीण म्हणाली, “आरडाओरडा नको. गाडी चालू होते का बघा.”

“तू येणार?”

“चाळीस वर्षं तुमच्या त्या रस्त्याचं कौतुक ऐकतेय. माझी सवत एकदा डोळ्यांनी बघू तरी द्या.”

मग माझी आठवण झाली. डबे उतरले, मी उजेडात आलो, आणि भोक दिसलं.

“हे कोणी केलं?” मुकादमाने विचारलं.

“भूत येतं ना आपल्याकडे, कढई घेऊन,” शिंपीण म्हणाली.

तिने बसल्या बैठकीला मला पालथं घातलं आणि भोकावर जुन्या चादरीचं ठिगळ लावलं. “आता सांगा तुमचा रस्ता, लाल धाग्याने काढते.” मुकादम डोळे मिटून सांगू लागला, “ओढ्यापाशी डावीकडे. मग मोठ्या खडकाला वळसा, उजवीकडे. मग सरळ चढ.” ती टाके घालत गेली. काम इतकं सुबक झालं की मला स्वतःचाच हेवा वाटला.

तिसऱ्या दिवशी दोघं निघाली. त्यांची गाडी म्हणजे एक जुनं डबडं. चढावर असं धापा टाकायचं की शिंपीण पुढे वाकून त्याच्या अंगावरून हात फिरवायची. “चल रे राजा, अजून थोडं.” मुकादम म्हणायचा, “माझ्याशी कधी इतकं गोड बोललीस?” “तुम्ही कधी मला घेऊन इतकं चढलात?”

पुराव्याला शिक्के हवे होते, पण पुलाजवळच्या सराईत शिक्का कुणाला आठवत नव्हता. खूप शोधल्यावर तो खिडकीच्या फटीत सापडला. वारा आला की खिडकी आपटू नये म्हणून कुणीतरी अडकवला होता. लोकरीच्या बाजारातल्या सराईवाल्याने मात्र मला बघताच ओळखलं. “अहो, हा तर टपालाचा कागद! याच्या पाठीवर माझ्या वडिलांचं अक्षर असेल.” होतंच. तो ते अक्षर बोटाने गिरवत उभा राहिला आणि त्याचा चहा उतू गेला. मग त्याने वडिलांच्या तारखेशेजारी शिक्का मारून आपली तारीख घातली.

प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी घोळ झाला. ओढा आला. शिंपिणीने माझ्यावर बोट ठेवून सांगितलं, “उजवीकडे.”

“डावीकडे ना?”

“तुम्ही सांगितलंत तेच शिवलंय. उजवीकडे.”

उजवीकडे गेले. वाट अरुंद होत गेली आणि मेंढ्यांच्या वाड्याच्या फाटकापाशी संपली. आतून पन्नास मेंढ्या बघताहेत आणि डबडं चिखलात. मुकादमाचं तोंड पडलं. स्टिअरिंगवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, “अगं, साहेबाचंच खरं असेल. मलाच आता आठवत नाही. म्हातारा झालो मी.”

मित्रांनो, माणूस असा खचलेला मी बघितला नव्हता. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. कारण मला माहीत होतं!

मेंढपाळीण फाटकापाशी आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मला उलटं करून उजेडासमोर धरलं आणि खो खो हसत सुटली. “बाई गं, तू हे आतून शिवलंस काय?”

शिंपिणीने कपाळावर हात मारला. आयुष्यभर ठिगळं कपड्याच्या आतल्या बाजूने लावायची सवय. मला पालथं घालून तिने डावं ते डावीकडे शिवलं, आणि सुलट केल्यावर सगळं डाव्याचं उजवं झालं. मुकादमाची आठवण टाक्याटाक्याला खरी होती.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली.

“नाही, भोक मी पाडलं,” तो म्हणाला. आणि तिथल्या तिथे त्याचं वय दहा वर्षांनी उतरलं.

मेंढपाळिणीने आणि तिच्या भावाने गाडी ढकलून दिली. ओढ्यापाशी परत येऊन शिंपिणीने गाडीच्या टपावर मला पसरलं आणि सगळे टाके उसवले. मग त्यांनी वेगळीच तऱ्हा केली. मुकादमाने एक वळण चालवायचं, थांबायचं, आणि शिंपिणीने तेवढंच वळण शिवायचं. या खेपेला वरच्या बाजूने. आधी रस्ता, मग रेघ. साहेब, नकाशा करायची रीत ही असते.

एका वळणावर दरड पडली होती. फार मोठी नाही, पण गाडी जाईना. मुकादम उतरला आणि दगड बाजूला सारू लागला. शिंपीण म्हणाली, “कंबर धरेल.” तो म्हणाला, “यांची माझी ओळख आहे.” मग तीही पदर खोचून हात लावू लागली. दगड हटले तशी खालची मोरी दिसली, रस्त्याखालून पाणी जायला त्याच्या टोळीने बांधलेली. एक दगड हललेला नव्हता. पाणी खळाळत चाललं होतं. मुकादम गुडघ्यावर बसून त्या पाण्याकडे बघत राहिला.

शिंपीण त्याच्या शेजारी उभी राहिली. पदराने हात पुसत म्हणाली, “सवत देखणी आहे हो.”

दुपार कलता कलता आम्ही खिंडीत पोचलो. इंजिनाचा आवाज ऐकून मावशी पिठाच्या हातांनीच बाहेर आली. गाडीकडे बघून म्हणाली, “आलात? या, या! मग रस्ता आहे म्हणायचा!” शिक्का होता, शाई केव्हाच वाळून गेली होती. मावशीने चुलीची काजळी तेलात कालवली आणि असा दणका दिला की माझी जुनी खळ सुटते की काय असं वाटलं. मग तारीख घातली. आकडा ठसठशीत आला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती तिघं मला घेऊन तुमच्या कचेरीत आली. खिडकीवरच्या कारकून बाईंनी मला उलगडलं. “धाग्याने काढलेला नकाशा चालत नाही आजोबा.”

मुकादम म्हणाला, “तुमचा शाईचा चालतो. त्यात रस्ताच नाही.”

बाईंनी तिन्ही नवे शिक्के वाचले, लाल टाक्यांवरून बोट फिरवलं. मग हरकत नोंदवून घेतली आणि पोच दिली. निकाल लागेपर्यंत सराई बंद करता येणार नाही, असं त्यांनी मावशीला स्वच्छ सांगितलं. आणि आवाज खाली आणून विचारलं, “वर मुक्कामाला खोली मिळेल का? रविवारी आई-वडिलांना घेऊन यायचंय.”

मावशी म्हणाली, “पुलावरून या. ओढ्यापाशी डावीकडे.”

मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणं. माझ्यासारखे म्हातारे कागद घरात असतील तर बरण्यांखाली घालू नका, जपून उलगडा. आणि एखादं गाव नकाशात सापडलं नाही, तर ते नाहीच असं समजू नका. कुणीतरी तिथे चूल पेटवून बसलेलं असेल. त्याला विचारा.

आता तुम्ही, साहेब. तुमची कारकून रविवारी चालली, मेंढपाळीण रोज चालते, सत्तरीची दोन माणसं डबड्यातून जाऊन आली. रस्ता तुम्हाला एकट्यालाच दिसत नाही. तेव्हा लांबलचक पत्र नको, ‘विचाराधीन आहे’ हे तर मुळीच नको. एकाच प्रश्नाचं उत्तर द्या, आणि लेखी द्या: त्या रस्त्याने तुम्ही स्वतः कोणत्या तारखेला येताय?