हिरव्या टोपीखालची होडी

"बिशपच्या बोधचिन्हात एकही रेघ उगाच नसते!" बोईसरच्या चर्चच्या अंगणात बोट उंचावून फादर वलेरियन यांनी जाहीर केलं.

पुंडलिक पेंटरने हातातला नमुन्याचा कागद निरखला. "मंग हा तांबूस गोल कशाचा?"

फादरांनी चष्मा लावला. "तो माझ्या चहाच्या कपाचा."

पुंडलिकने गोल वगळला. बाकीचं मात्र नीट समजून घेतलं. चाळीस वर्षं तारापूरच्या होड्यांवर नावं रंगवलेला माणूस, कामात हयगय नाही. वर हिरवी टोपी, दोन्ही बाजूंना सहा-सहा गोंडे. ती आता कुठलाच बिशप घालत नाही, नुसती मानाची. खाली क्रूस, ढाल, ढालीवर लाटा आणि लाटांवर रिकामी होडी.

"रिकामी?"

"होडी म्हणजे आपलं चर्च. आत देव असतो, दिसत नाही."

"आमच्यात रिकामी होडी दिसली का कोन गेला ते इचारतात, फादर."

"रविवारी नवे बिशप येतायत. शनिवारी दुपारी बोर्ड तयार हवा. आणि नमुन्याबरहुकूम! यात बदल करायचा अधिकार मलाही नाही."

टोपी झकास उतरली. गोंडे इतके हुबेहूब, की वॉचमनने एक ओढून पाहिला आणि दोन दिवस हिरवं बोट घेऊन फिरला. होडीपाशी मात्र घोडं अडलं. पट्टी लावून सरळ काढलेली होडी सुकता सुकता मागून खाली बसायची. सुकाणूपाशी कोणीतरी टेकल्यासारखी. पुंडलिकने टर्पेंटाइनने ती पुसली, पुन्हा काढली. पुन्हा कलली. तिसऱ्यांदा त्याने पट्टीच बदलली. काडीचा फरक नाही.

नऊ वर्षांपूर्वी त्याच्या मुलाची, सुजीतची होडी माहीमच्या किनाऱ्याला लागली होती. एकटीच. आत जेवणाचा डबा, तोही न उघडलेला. तेव्हापासून पुंडलिक होडीवर नाव घालताना मालकाला आत बसवून ठेवायचा. मालक उन्हात बसल्या बसल्या शिव्या घालायचे, पण बसायचे.

शनिवारी दुपारी फादर आले आणि बोर्डासमोर थबकले. होडी आता अगदी सरळ होती. मागे सुकाणूपाशी पिवळ्या बनियनमधला एक पाठमोरा माणूस बसला होता.

"पुंडलिक! हा कोण?"

पुंडलिक खाली मान घालून ब्रश धूत राहिला. त्याचा डबा घेऊन आलेली त्याची बायको नलू बोर्डाजवळ गेली. तिला नुसती पाठ पुरली.

"सुजीत हाय. आमचा पोरगा."

"अहो, पण उद्या बिशप विचारतील!"

"मंग सांगा ना. नाव सोपा हाय."

फादरांनी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि होडीपर्यंत नेली. हात तिथेच राहिला. थेंब त्यांच्या पांढऱ्या झग्यावर पडत होते. अखेर त्यांनी त्या चिंधीने बोर्डाची कड पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

"पाठमोरा आहे ते एक बरं," ते घसा खाकरून म्हणाले. "संत पीटरही मासेमारच होते. चालून जाईल."

नलूचं तिकडे लक्ष नव्हतं. ती कधी टोपीकडे, कधी होडीतल्या उघड्या डोक्याकडे बघत होती.

"फादर, ती वरची टोपी कोन घालत नाय ना?"

"नाही."

"मंग यांना सांगून जराशी खाली घ्या. त्याला ऊन लागते."